आक्का राहायला येणार होती

आमच्याकडे बाईला दिवसाढवळ्या अंथरुणावर पडून राहायची मुभा दोनदाच मिळते. एकदा बाळंतपणात आणि एकदा पिशवी काढल्यावर. पिशवी म्हणजे गर्भाशय. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला माझं माहेर आहे. तिथं गर्भाशय हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला, कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

दोन्ही वेळा बाईची निगा एकाच पद्धतीनं राखतात. कान बांधतात. प्यायला ओव्याचं पाणी देतात. खाटेखाली शेगडी ठेवून शेक देतात, डिंकाचे लाडू करतात, गार पाण्यात हात घालू देत नाहीत. सव्वा महिना हे चालायला हवं. सगळ्यांच्या नशिबी तेवढं येत नाही, पण तेवढं मिळायला हवं हे सगळ्यांना मान्य असतं, अगदी सासूलासुद्धा.

मला मूल झालं नाही. काही वर्षं आम्ही दवाखाने केले, मग थांबलो. त्यामुळे पहिला सव्वा महिना माझ्या वाट्याला आलाच नाही. दुसरा येऊ घातला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते.

श्रीरामपूरजवळ बेलापूरला एका शाळेत मी मराठी शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि पोरींमध्ये तर दहावी झालेलीही पहिलीच. आई आणि थोरली बहीण, म्हणजे आक्का, दोघी ऊसतोडीला जायच्या. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. माझं सगळं शिक्षण त्या दोघींच्या कोयत्यावर झालं. हे मी वर्गात मुलांनाही सांगते. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझे यजमान एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत, कोल्हापूरकडे. गळीत हंगाम सुरू झाला की ते तिकडे आणि मी इकडे. म्हणजे ऊस तोडणारी माझी माणसं हंगामात गाव सोडून जातात आणि उसाची साखर करणारं माझं माणूसही हंगामातच घर सोडून जातं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाजारात पहिली ऊसगाडी दिसली की अजूनही मी कडेला थांबून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते.

त्रास सुरू झाला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आधी दोन-दोन महिने पाळी यायचीच नाही. मला वाटलं, चला, जायची वेळ झाली. मग एकदा आली ती थांबेना. गाठी पडायच्या. मी गडद रंगाच्या साड्या नेसायला लागले, वर्गात बसून शिकवणं सोडलं, पिशवीत (ही खांद्यावरची) जुना टॉवेल घडी करून नेऊ लागले. पायऱ्या चढताना धाप लागायची. मुलांच्या वह्या तपासताना डोळ्यांपुढं अंधारी यायची तेव्हा मी लाल पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायची. मुलांना वाटायचं, बाई विचार करतायत.

एक दिवस शिक्षक खोलीतल्या खुर्चीवर डाग पडला. माझ्या शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाईंनी स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली, खुर्ची पुसली आणि मग दार लावून मला म्हणाल्या, “किती दिवस लपवणार? मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकली. आता बघा, मोकळी. तुम्ही तर बाई, तुम्हाला…” आणि पुढं त्या थांबल्या. काय म्हणणार होत्या ते मला कळलं. तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्ही कशाला जपून ठेवता. चांगल्या मनाच्या बाई आहेत, म्हणूनच थांबल्या.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात तीन गाठी, एक लिंबाएवढी, दोन लहान. साध्या गाठी आहेत, बहुतेक बायकांना या वयात असतात म्हणाले. रक्त फारच कमी झालं होतं. “पिशवी काढून टाकू. तुम्हाला आता तिचं तसं काम नाही,” असं ते म्हणाले. आवाजात काही वावगं नव्हतं. नळ दुरुस्त करणारा माणूस जसं जुना वायसर बदलू म्हणतो तसं म्हणाले. “आधी लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त वाढवा, त्याला महिना-दीड महिना लागेल. तोवर वाटलं तर नगरला दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या.”

मी रिक्षानं घरी आले. तिचं काम नाही, तिचं काम नाही, असं काहीतरी डोक्यात चालू होतं. काम तिला तसं कधीच नव्हतं, असंही वाटून गेलं.

यजमानांना फोन केला. पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता. हंगामाआधीच्या चाचण्या चालू होत्या. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “तू म्हणशील तसं. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” आणि विचारलं, “तपासताना दुखलं का?” दुखलं नव्हतं. पण त्यांनी ते विचारलं म्हणून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले.

मला जास्त कळतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गावाकडून कुणाचा दाखला काढायचा असला, कुणाच्या पोरीला कुठल्या शाळेत घालायचं असलं, तर मला फोन येतो. “तू शिकलेली हायस, तूच सांग.” मी सांगते. मला ते आवडतंही. पण शिकलेल्या माणसानं कुणाला विचारायचं, याची सोय आमच्या घराण्यात अजून झालेली नाही.

आक्काला मी संध्याकाळी फोन केला.

“झालं का दाखवून?”

“झालं. गाठी आहेत. पिशवी काढा म्हणाले.”

“मग काढून टाक की, मास्तरीनबाई. त्यात काय इचार करायचा? आमच्या गल्लीत आता पिशवी हाय ती फक्त बाजाराची.” स्वतःच्या बोलण्याला ती स्वतःच हसली.

“आक्का, पोट उघडतात.”

“मला सांगती व्हय? माझं काय तेव्हा शिवनकाम केलं हुतं?” मग तिचा आवाज एकदम बदलला. “हे बघ. मी येते. आठ दिस न्हाई, चांगली सव्वा म्हैना येते. पोरं कारखान्यावर जातील, त्यांची पोरं जाऊ सांभाळील. असलं कारन असल्यावर तीबी न्हाई म्हननार न्हाई. तुला उठूच देत न्हाई बघ. तुझं बाळंतपन माझ्याकडं राहिलंय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतीस ना?”

“ऐकते.”

“डिंक मी हितून आनते. तिकडं बाजारात भेसळ असती.”

आक्काची पिशवी काढली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. मी नगरला वसतिगृहात राहून बी.एड. करत होते. तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखायचं. तालुक्याच्या दवाखान्यात तिला सांगितलं की काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. टोळीतल्या बऱ्याच जणींनी काढली होती. पाळी नाही तर खाडा नाही, मुकादमाची बोलणी नाहीत. तिची काढली तेव्हा हंगाम चालू होता. आईनं तिचे कान बांधले, चार दिवस खायला घातलं, आणि पंधरवड्याच्या आत आक्का उसाच्या फडात परत गेली. डोक्यावर मोळी घेऊ नको असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून ती मोळ्या बांधत होती. त्यानंतर दोन वर्षांत तिला ऐन थंडीत घाम फुटायचा, हाडं दुखायची. ती उसाच्या पाल्याच्या झोपडीबाहेर, कोपीबाहेर, येऊन बसायची. म्हातारपण लवकर आलं म्हणून आम्ही सगळे तिला हसायचो, ती पण हसायची.

तिला स्वतःला न मिळालेला सव्वा महिना ती मला द्यायला निघाली होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात असं स्पष्ट शब्दांत आलं नाही. मला फक्त आनंद झाला. खरं सांगायचं तर खूप दिवसांनी झाला.

मी तयारीला लागले. आतल्या खोलीतली जास्तीची गादी काढली. आक्काला उशी उंच लागत नाही, म्हणून एका जुन्या उशीतला कापूस कमी करून पुन्हा शिवली. तिला चहा गुळाचा लागतो, तर चांगला गूळ आणून ठेवला. शेगडी आता कुणाकडं मिळत नाही. बाजाराच्या दिवशी एका म्हातारीकडं मातीची मिळाली. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीला जोडून ठेवलं की शाळा बुडणार नाही, असं ठरवलं. आम्ही दोघी शेवटचं एका छपराखाली सलग कधी राहिलो होतो ते आठवून बघितलं. माझ्या लहानपणी, कोपीत. त्यानंतर लग्नं, मर्तिकं, एखादी यात्रा. जेवायला वाढेपर्यंत घरी जायची वेळ व्हायची.

नगरला मी गेले ती श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं म्हणून, आणि काहीशी सवयीनं. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून बघायची सवय शाळेनं लावली. एसटीनं राहुरीवरून तारकपूर स्टँडला उतरले आणि विचारत विचारत दवाखान्यात पोचले. डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, केस पिकलेल्या. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. किती रक्त जातं, गाठी केवढ्या, थकवा किती.

“गाठींचा काही त्रास? पोट जड वाटतं, लघवीला सारखं जावं लागतं?”

“नाही. गाठी आहेत हे मला सोनोग्राफीतच कळलं.”

“म्हणजे त्रास रक्ताचा आहे.”

“हो.”

त्यांनी गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला काढला. या वयात असं अनियमित रक्त जात असेल तर आतून वाईट काही नाही ना हे आधी बघायचं, म्हणाल्या. कळ आली, पण सोसवली. मग त्यांनी एका कागदाच्या पाठीमागं गर्भाशयाचं चित्र काढलं, गाठींचे गोल काढले, आणि मला मार्ग सांगितले. गोळ्या घेऊन रक्त आटोक्यात ठेवायचं आणि पाळी जायची वाट बघायची. पाळी गेली की गाठी सहसा आपोआप आकसतात. किंवा तांबीसारखी एक छोटी वस्तू गर्भाशयात बसवायची, तिच्यातून औषध थोडं थोडं सुटतं आणि रक्त कमी होत जातं. सुरुवातीचे काही महिने थेंब थेंब जाऊ शकतं. किंवा पिशवी काढायची. काढली तर अंडाशयं ठेवता येतील.

“तुम्ही काय कराल, माझ्या जागी असता तर?” मी विचारलं.

“बाई, मी कुणालाच याचं उत्तर देत नाही. यातलं एकही चूक नाही. काही जणींना काढल्याशिवाय इलाज नसतो, काही जणी काढून खरंच सुखी होतात. तुकड्याचा रिपोर्ट येऊ द्या.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “काढायचीच म्हटलं तर दीड महिना जड उचलायचं नाही. घरी बघायला कोण आहे?”

“माझी बहीण येणार आहे,” मी म्हणाले. “सव्वा महिना राहायला. डिंकाचे लाडू करून आणणार आहे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि छानसं हसल्या. तो सगळा वेळ मी दबल्या आवाजात बोलत होते. हे एवढं वाक्य मात्र मोठ्यानं बोलले होते, बाहेर बाकावर बसलेल्या बाईला ऐकू जाईल इतकं. मलाच नंतर ते जाणवलं.

रिपोर्ट यायला आठवडा होता. त्या आठवड्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी शाळेत जायची, शिकवायची, घरी येऊन भात टाकायची. रिपोर्टमध्ये काय निघेल याची भीती होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. यजमानांना सांगितली असती तर ते रजा टाकून आले असते आणि गप्प बसून राहिले असते. आक्काला सांगितली असती तर तिनं नवस बोलला असता. कुणाला सांगावं असं मन शोधत होतं तेव्हा लक्षात आलं की अशी जागा मी कधी तयारच केली नव्हती. गावाकडच्यांना मी शिकलेली, आणि इथल्यांना मी गावाकडची. दोन्हीकडं माझ्याशी नीट वागतात.

त्या आठवड्यातल्या रविवारी मी आक्कासाठी काढलेली गादी गच्चीवर उन्हात टाकली. शेजारच्या वहिनी वाळवण उचलायला आल्या होत्या.

“पाहुणे येणार वाटतं?”

“बहीण येणार आहे.”

“अरे वा! काय कार्यक्रम?”

“नाही, कार्यक्रम नाही,” मी म्हणाले. “राहायला येणार आहे.”

त्या खाली गेल्या आणि मी गादीच्या कडेला बसले. ऑपरेशन आहे हे मी सांगितलं नव्हतं. ते लपवायचं होतं असंही नाही. शेजारच्या वहिनींना सांगायला काहीच हरकत नव्हती. मला ते आठवलंच नव्हतं. मागच्या तीन आठवड्यांत मी आक्काची उशी, आक्काचा गूळ, आक्काची शेगडी यांचा विचार केला होता. आम्ही दुपारी काय बोलू, तिला माझी शाळा दाखवायला नेता येईल का, नदीवर चालत जायला जमेल का, याचा केला होता. पोटावर टाके घालून मला चालता येणार नाही, हे त्यात कुठं बसत नव्हतं. ज्या पिशवीवरून हे सगळं चाललं होतं तिचा विचार मी एकदाही केला नव्हता.

बहीण घरी यावी म्हणून मी पोट उघडून घ्यायला निघाले होते. आणि त्यात वेगळं असं काही मी करत नव्हते. आमच्याकडं बाईला दुसऱ्या बाईकडं राहायला जायचं तर काहीतरी झालेलं असावं लागतं.

रिपोर्ट चांगला आला. वाईट काही नव्हतं. नगरच्या डॉक्टरांना मी सांगितलं, ती औषधाची वस्तू बसवून बघू. नाही जमलं तर पुढं ऑपरेशन आहेच. “हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “बहिणीला काय सांगणार?” मला आश्चर्य वाटलं, त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

आक्काला सांगायला मी दोन दिवस लावले.

“न्हाई काढायची?” ती म्हणाली. “का गं?”

मी तिला गाठी, औषध, पाळी जायचं वय, सगळं समजावलं. वर्गात समजावते तसंच समजावत गेले, आणि मधेच जाणवलं की ती ऐकत नाहीये.

“मग आता मी कशाला येऊ?” तिनं खरंच विचारलं. त्यात राग नव्हता.

“अशीच ये.”

“अशीच कशी येऊ? सव्वा म्हैना? जावंला काय सांगू, बहिनीकडं हवा खायाला चालले? तिच्या गळ्यात पोरं टाकून?”

“मग आठ दिवस ये.”

“आठ दिसांना बी काय तरी लागतंच की.” मग ती म्हणाली, “म्हंजी आमी येड्या म्हनून काढल्या.”

“तसं नाही आक्का.”

“मग कसं? तुझ्या डाक्टरनं तुला चार वाटा दावल्या. मला एकच दावली. मी येडी म्हनून, का तू शहानी म्हनून?”

मी वीसेक वर्षं मराठी शिकवते. तरी मी तिला पुन्हा गाठी आणि औषधच समजावायला लागले. तिनं फोन ठेवला तोही शांतपणे ठेवला, जावेनं हाक मारली म्हणून.

वस्तू बसवायला मी एकटीच गेले. यजमान येतो म्हणाले होते, पण त्यांच्याकडं मोळी टाकायचा, म्हणजे गाळप सुरू करायचा, मुहूर्त होता आणि काम फार वेळेचं नव्हतंच. पोटात कळा आल्या, अर्धा तास झोपवून ठेवलं, मग चहा दिला. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. राहुरीच्या पुढं रस्त्यानं यंदा दिवाळीआधीच निघालेल्या ऊसतोडीच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्यांची डालगी, वर बसलेल्या बायका. आमच्या बाजूच्या असतील. मी चेहरे बघत होते. घरी येऊन कुलूप काढलं, आणि आतल्या खोलीत भिंतीला उभी करून ठेवलेली गादी आणि तिच्याशेजारी नवी शेगडी दिसली. मी दार ओढून घेतलं. भूक नव्हती, तरी भात टाकला.

दिवाळी गेली. आक्काचा फोन आला नाही, मी केला नाही असं नाही, दोनदा केला. “बरी हायस ना?” “बरी आहे.” “मग झालं.” माझं थेंब थेंब रक्त जायचं, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. बरं वाटत होतं की नाही हे कळत नव्हतं. लोहाच्या गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. कधी वाटायचं, काढून टाकली असती तर एव्हाना आक्कानं मला शेगडीवर शेकून काढलं असतं, आणि मी बरी झाले असते. गच्चीवर मला जे कळलं ते खरं होतं याबद्दल शंका नव्हती. पण खरं कळल्यानं घरात कुणी येत नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी दार वाजलं. दारात आक्काची धाकटी सून. तिची टोळी यंदा आमच्याच बाजूला, जवळच्या कारखान्यावर आली होती, हे मला माहीत नव्हतं. डोक्याला स्कार्फ, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, आणि काखेत कापडात बांधलेला स्टीलचा डबा.

“मावशी, कारखाना दोन दिस बंद हाय. बॉयलरचं काम निघालंय म्हनं,” ती उंबऱ्यातच म्हणाली. “आत्याबाईंनी हे दिलंय. गाव सोडतानाच दिलंतं, मला यायलाच जमंना.”

डब्यात डिंकाचे लाडू होते. खारीक जास्त घातलेले, आई करायची तसे.

मी तिला आत घेतलं, चहा ठेवला, गुळाचा. ती पलंगाच्या अगदी कडेला बसली. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, “आत्याबाई आनखी एक म्हनल्यात.”

“काय?”

“तुमी गेल्ता त्याच डाक्टरीनबाईकडं मला नेऊन आना म्हनल्यात.” ती कपाकडं बघत बोलत होती. “माझं पोट दुखतं, अंगावरनं जातं. तिकडं दाखविलं तर पिशवी काढा म्हनले. हंगाम झाल्यावर काढायची ठरलीबी हुती. आत्याबाई आधी काढच म्हनत हुत्या. दिवाळीनंतर एक दिस भाकरी थापता थापता म्हनल्या, थांब. आधी मावशीकडं जा. तिथं चार वाटा दावत्यात.”

तिचं वय अठ्ठावीस असेल. मी उठून ओट्यापाशी गेले, गॅस बंदच होता, तरी बटण पुन्हा फिरवून बघितलं.

शाळेला सुट्टी कळवली आणि तिला घेऊन त्याच दिवशी नगरला गेले. डॉक्टरांनी तिला तपासलं, सोनोग्राफी केली. जंतुसंसर्ग होता. गोळ्या दिल्या, नवऱ्यासाठीही दिल्या, पुन्हा दाखवायला सांगितलं. “पिशवीला काही झालेलं नाही,” असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला खरं वाटलं नव्हतं. येताना एसटीत ती गोळ्यांची पाकिटं मांडीवर धरून बसली. राहुरीला तिनं मला विचारलं, “मग तिकडं असं का सांगितलं असंल, मावशी?” आक्कानं विचारलं होतं तोच प्रश्न. मी या वेळी म्हणाले, “मला माहीत नाही. पण तुझी चूक नव्हती. तुझ्या सासूचीही नव्हती.”

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. संध्याकाळी तिचा नवरा गाडीवर न्यायला येणार होता. मी आतल्या खोलीचं दार उघडलं, भिंतीची गादी खाली घातली, कमी कापसाची उशी ठेवली. “पड जरा,” मी म्हणाले.

“आत्ता? दिवसा?”

“हो. दिवसा.”

“आन् भांडी?”

“भांडी माझी आहेत.”

ती संकोचानं आडवी झाली, आणि मी पांघरूण आणेपर्यंत झोपलीसुद्धा. तोंड उघडं, हात कोयता धरावा तसे वळलेले. स्कार्फ सुटला होता. मी तो हळूच तिच्या कानांवरून घेऊन नीट केला. तिचं काही काढलेलं नव्हतं, माझंही नव्हतं, तरी केला.

तेवढ्यात आक्काचा फोन आला. मी घाईनं बाहेरच्या खोलीत येऊन उचलला.

“दाखविलं का?”

“दाखवलं. काढायची नाही. गोळ्यांनी बरं होईल.”

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. गाव रिकामं असलं की फोनवरही कळतं.

“आता काय करती?”

“झोपलीय.”

“झोपलीय?” तिला हसू आलं, मग ते थांबलं. “कवाधरनं?”

“आत्ताच. उठवू का?”

“उठवू नगं,” आक्का म्हणाली. “झोपू दे तिला.”

मी म्हटलं, बरं. फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मी फोन तसाच कानाला धरून दाराजवळ सरकले, आक्कालाही ऐकू जावा म्हणून.